फुलपुडीतला खंडोबा

गोजराबाईंची फुलपुडी आमच्या दाराच्या कडीला लागायला सुरुवात झाली ती ब्याण्णव साली, आम्ही नाशिकच्या इंदिरानगरमध्ये राहायला आलो तेव्हा. पूजा आमचे हे करायचे. मी शाळेत विज्ञान शिकवायचे आणि घरीही तेच शिकवते, अशी ह्यांची तक्रार होती. ते देवासमोर बसले की मी मुद्दाम मोठ्याने पेपर वाचायचे. सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात हे गेले, आणि त्यानंतर पुडी बंद करा असं गोजराबाईंना सांगायचं मी दर महिन्याला ठरवलं आणि दर महिन्याला विसरले. देव देव्हाऱ्यात धूळ खात होते. फुलं मी ह्यांच्या फोटोला वाहायचे. कोणी विचारलंच तर म्हणायचे, बिचारीचं एक गिऱ्हाईक कशाला तोडा.

आता बिचारी हा शब्द गोजराबाईंना कुठूनही लागू पडत नव्हता. पंचेचाळिशीची उंच, काटक बाई. नऊवारी घट्ट कसलेली, डोक्यावर पाटी आणि चालणं असं की मागून येणाऱ्याने पळावं. पाथर्डी गावाच्या बाजूला त्यांचा दीड एकराचा मळा होता. झेंडू, शेवंती, गुलछडी, बांधाला तुळस. पहाटे फुलं तोडून झाली की त्यांचा नवरा सावळीराम मोठा माल सायकलवर लादून सराफ बाजारातल्या फुलबाजारात न्यायचा, आणि निवडक फुलांच्या साठ-सत्तर पुड्या घेऊन गोजराबाई आमच्या भागात दारोदार फिरायच्या. कर्दळीच्या पानात पाच-सात फुलं, दोन दूर्वा, तुळशीचं एक पान, वर दोऱ्याचे तीन वेढे. सुतळी नाही, प्लास्टिक नाही. पुडी उघडली की आत फुलं जणू आत्ताच तोडलेली.

त्याचंही एक तंत्र होतं. पुड्यांची शेवंती त्या तोडल्या तोडल्या एका तांब्याच्या घंगाळात पाण्यावर तरंगत ठेवायच्या आणि पुड्या बांधायला बसल्या की ओंजळीने काढून घ्यायच्या. घंगाळातली फुलं पुडीत, पाटीतली बाजारात, हा त्या घरचा नियम. लग्न होऊन आलेल्या सुनेलाही, सुवर्णाला, पहिल्या आठवड्यात हेच शिकवलेलं.

देवाच्या बाबतीत गोजराबाईंची तऱ्हा निराळी होती. उपास त्यांना झेपायचे नाहीत, पोथी वाचता येत नव्हती. त्यांच्या देव्हाऱ्यात पिढ्यान्‌पिढ्यांचे चांदीचे पाच टाक होते. टाक म्हणजे देवाची ठसा उठवलेली छोटीशी पत्र्याची प्रतिमा. त्यातला खंडोबा त्यांचा विशेष लाडका, म्हणजे विशेष बोलणी खाणारा. गारा पडल्या की संध्याकाळी दिवा लावताना त्या त्याला फैलावर घ्यायच्या, आणि हे दुसऱ्या दिवशी मला पायरीवर बसून सांगायच्या. एकदा मी चेष्टेने विचारलं, की तुमचा देव ऐकतो तरी का हे सगळं? त्यांनी पाटी उचलता उचलता उत्तर दिलं.

"ऐकतो का नाय ते त्याचं त्याला ठावं. समोर बसलेला असतो, बाई. बोलायला कुणी पायजे ना माणसाला."

मी हसले. तेव्हा हे हयात होते, त्यामुळे मला हसणं परवडत होतं.

अठ्ठ्याण्णव साली पितृपंधरवड्यात चार दिवस पुडी आली नाही. पाचव्या दिवशी आली ती कडीला कशीबशी अडकवलेली, आणि जिन्यात लूनाचा आवाज. गोजराबाईंचा मुलगा भारत. डोळे सुजलेले. म्हणाला, दादांना घोणस चावली.

पहाटे दसऱ्याच्या झेंडूला पाणी भरताना सावळीरामने वाफ्यात हात घातला आणि घोणशीने बोट धरलं. गावातल्या दोघा-तिघांनी मांत्रिकाचं नाव काढलं, पण गोजराबाईंनी कोणाचं ऐकलं नाही. त्याला भारत आणि स्वतःच्या मधे लूनावर बसवून त्या द्वारका चौकाजवळच्या एका हॉस्पिटलात घेऊन गेल्या. लस वेळेवर मिळाली. हात कोपरापर्यंत फुगला, हिरड्यांतून रक्त आलं, तेही थांबलं. घरच्यांना वाटलं सुटलो. तर तिसऱ्या दिवसापासून लघवी बंद. विषाने मूत्रपिंडं बंद पडली होती. एक दिवसाआड डायलिसिस सुरू झालं, आणि डॉक्टरांनी गोजराबाईंना स्पष्ट सांगितलं, की मशीन आम्ही चालवू, पण लघवी सुरू झाली तर माणूस हाती लागला म्हणायचं. नाही झाली तर सांगता येत नाही.

मी त्याच दिवशी चहाचा थर्मास घेऊन गेले. सावळीराम पलंगावर पडला होता, तोंड सुजलेलं, ओठ फुटलेले. शरीरातलं पाणी बाहेर जायला वाट नाही म्हणून दिवसभरात त्याला दोन पेल्यांवर पाणी द्यायला बंदी. ज्याने जन्मभर फुलांना पाणी भरलं, तो घोटासाठी बायकोला हात जोडत होता. गोजराबाई ओला बोळा त्याच्या ओठांवरून फिरवायच्या, आणि तो बोळाच चोखायला लागायचा तेव्हा हळूच काढून घ्यायच्या. थर्मासातला चहा त्यांनी बाहेर व्हरांड्यात जाऊन घेतला, त्याला वास येऊ नये म्हणून. तीस वर्षं फळ्यावर मूत्रपिंडाची आकृती काढून नावं द्यायला लावणारी मी, पण त्या वेळी मला त्यातलं एक नावही आठवावंसं वाटलं नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी सकाळी मी पुडी उघडली आणि फुलांबरोबर ताटलीत टणकन काहीतरी पडलं.

चांदीचा टाक होता. दोन बोटांएवढा, झिजलेला. घोड्यावर बसलेला खंडोबा, मागे म्हाळसा.

आता खरं सांगते. त्या क्षणी माझ्या डोक्यात जे आलं ते विज्ञानाच्या कुठल्याही पुस्तकात नाही. मला वाटलं, हा उतारा आहे. त्यांच्या घरात माणूस मरणाच्या दारात आहे, कोणीतरी त्यांना सांगितलं असणार की बला दुसऱ्याच्या दारात टाका, आणि त्यांनी ती फुलात बांधून माझ्या कडीला लावली. एकटी बाई, घरात विचारणारं कोणी नाही, हिच्याकडे टाकायला सोपं. टाक मी चिमट्याने उचलला. होय, चिमट्याने. वर्तमानपत्रात गुंडाळला आणि गॅलरीत तुळशीच्या कुंडीमागे नेऊन ठेवला. फेकून द्यायचं धाडस नव्हतं आणि घरात ठेवायचं तर मुळीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी भारत आला तेव्हा विचारावं असं वाटलं, पण विचारलं असतं तर मी घाबरले हे कळलं असतं. ती पुडी मी उघडलीच नाही.

असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी भारत पुडी अडकवून गेला नाही, पायरीवर बसला. म्हणाला, आत्या जेवत नाही. आमच्या घरातला देव गेला.

मी दारातच उभी राहिले आणि त्याने सगळं सांगितलं. मंगलाबाई ही सावळीरामची थोरली बहीण, विधवा, त्यांच्याकडेच राहणारी. लघवी सुरू होतच नाही असं दिसल्यावर तिने देव पाण्यात घातले. आपल्याकडे संकट आलं की घरोघर करतात तसंच. भावाला बरं वाटेपर्यंत देवांनी पाण्यातच राहायचं. घंगाळ स्वच्छ घासलं, पाचही टाक तळाशी ठेवले, आणि देव उघडे नकोत म्हणून वर शेवंतीची फुलं सोडली. सुवर्णाला हे कोणी सांगितलं नव्हतं. ती पहाटे मळ्यात होती. वीज गेलेली, भारतची घाई चाललेली, सासू दवाखान्यात. तिने अंधारात सासूने शिकवल्याप्रमाणे घंगाळातली फुलं तळापर्यंत ओंजळ घालून काढली आणि पुड्या बांधल्या. मंगलाबाईने दुसऱ्या दिवशी पाणी बदलायला घेतलं तेव्हा टाक चारच. खंडोबा नाही. तेव्हापासून तिचा एकच धोशा, कुळाचा देव घर सोडून गेला, आता माझा भाऊ वाचत नाही. सुवर्णा रडून अर्धी झालेली. सत्तर घरांत विचारायचं तरी कसं, आणि कोणत्या तोंडाने?

माझे कान तापले. भारतला म्हटलं, तू पुड्या देऊन ये, मी बघते. तो गेल्यावर गॅलरीतून खंडोबाला आत आणलं, या वेळी हाताने, नळाखाली धुतलं, ह्यांच्या धुवट रुमालात गुंडाळलं आणि रिक्षा केली.

गोजराबाई वॉर्डबाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. आठ दिवसांत आठ वर्षांनी वाढल्यासारख्या दिसत होत्या. रुमाल त्यांच्या हातात दिला आणि खोटं बोलले. म्हटलं, आज सकाळच्या पुडीत निघाला.

त्यांनी रुमाल उघडला. मग पदराने टाक पुसला आणि हसल्या. खरंच हसल्या, पोट धरून, बाजूच्या बाकावरचे लोक बघायला लागले इतक्या.

"हितं हे घोटभर पाण्यापायी तळमळत्यात, आन् तिकडं वन्संनी ह्याला पाण्यात बुडवून ठिवलेला," त्या म्हणाल्या. "पळून आला बिचारा."

तेवढ्यात मंगलाबाई डबा घेऊन आली. टाक पाहताच तिने तो हिसकल्यासारखा घेतला, कपाळाला लावला, रडली, आणि लगेच म्हणाली की मी आत्ताच्या आत्ता घरी नेते, परत पाण्यात घालते, नवस अर्धवट राहायला नको. गोजराबाईंनी हात पुढे केला. नणंदेसमोर आवाज चढवताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, त्या दिवशीही चढवला नाही.

"वन्सं, द्या तो. डांबून ठिवायला तो काय आपला वैरी हाय? उद्या घटस्थापना. घरचे चार देव बाहेर काढा आन् पानावर बसवा, सालाबादसारखे. ह्याला म्या हितं बसवते."

"आन् माझ्या भावाचं काय बरंवाईट झालं मंग?" मंगलाबाई म्हणाली.

गोजराबाई खाली, टाकाकडे बघत होत्या.

"झालं तर झालं. हा हितं असंल. म्या एकटीनं बघायचं नाय ते."

मंगलाबाईने टाक परत दिला. मी खिडकीबाहेर बघायला लागले, कारण माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते मला कोणाला दाखवायचं नव्हतं.

ज्यांच्या घरी हे नसतं त्यांच्यासाठी सांगते, नवरात्रात देव बसतात. घट बसला की टाक विड्याच्या पानावर मांडायचे आणि दसऱ्यापर्यंत जागचे हलवायचे नाहीत. देवाने त्या नऊ दिवसांत कुठे जायचं नाही. त्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी सकाळी सावळीरामच्या उशाच्या कपाटावर, सलाइनच्या बाटल्या आणि कापसाच्या पुडक्याच्या मधे, विड्याचं पान आलं आणि त्यावर खंडोबा बसला. डॉक्टर राउंडला आले, चष्म्यावरून बघितलं, आणि फक्त एवढंच म्हणाले की औषधं हाताशी राहू द्या. फरशी पुसणारी बाई, तिचं नाव लताबाई, रोज कपाट पुसायची ती पानाच्या कडेकडेने. गोजराबाई नवस बोलल्या नाहीत. मी मुद्दाम लक्ष ठेवून होते. सुवर्णाने घरून पाठवलेली माळ त्या रोज टाकाभोवती ठेवायच्या आणि मग दिवसभर त्याच्याशी बोलायच्या. पलंगावरच्या माणसाला बोलायची ताकद नव्हती, म्हणून दोघांच्या वाटचं त्याच्याशीच. मळ्यात किती झेंडू निघाला. मशीनला आज किती वेळ लागला. कालचा सलाइनवाला मुलगा हाताला काळंनिळं करून गेला, हेही. सुवर्णाला मात्र त्यांनी निरोप धाडला, की पोरी तू रोजच्यासारखंच केलंस, रडू नको, माळ उद्या जरा मोठी कर.

मीही रोज जायला लागले. म्हणायला थर्मास द्यायला.

तिसऱ्या माळेच्या दिवशी मी भाजी निवडत होते. खाली लूना थांबली. भारत जिना चढून आला, पुडीबिडी काही नाही, रिकामे हात. दारात उभा राहिला.

"बाई, दादांना लघवी झाली. शंभर मिली."

माझ्या हातातली मेथी खाली पडली. शंभर मिली! बोर्डात आलेल्या मुलांचं मी इतक्या मनापासून कधी कौतुक केलं नव्हतं. आम्ही दोघं दारात उभे राहून हसत होतो आणि रडत होतो, आणि शेजारच्या बाई काय झालं म्हणून विचारायला आल्या तर मी, आयुष्यभर मुलींना शिष्टाचार शिकवलेली, त्यांना लघवीचा आकडा सांगितला. संध्याकाळी तीनशे झाली. दुसऱ्या दिवशी एक पूर्ण बाटली. मंगलाबाईने वॉर्डभर पेढे वाटले आणि कशाबद्दल ते प्रत्येकाला खणखणीत आवाजात सांगितलं. कोणीही नाक मुरडलं नाही. वॉर्डात सगळेच कशाची ना कशाची वाट बघत होते.

डॉक्टर म्हणाले, घोणशीच्या विषाने बंद पडलेली मूत्रपिंडं बऱ्याचदा आपोआप पूर्ववत होतात, तोवर माणूस मशीनवर टिकवायचा असतो. वेळेवर आणलंत म्हणून जमलं. मला याचा कोण आनंद झाला. मी लगेच गोजराबाईंना जाऊन ऐकवलं, बघा, हे सगळं औषधाने झालं. मला वाटलं त्या भांडतील.

"मंग? डॉक्टरनीच बरं केलं," त्या म्हणाल्या. "त्याला काय येतंय त्यातलं, बाई? तो नुसता बसला व्हता. म्या नवस केला असता आन् हे गेले असते, तर म्या म्हणले असते देव नाय. आता कायबी झालं असतं तरी तो बसलेलाच व्हता ना. तेवढ्यावर म्या हे दिवस काढले."

या वाक्यावर मी घरी जाऊन फार विचार केला. ह्यांच्या शेवटच्या आठवड्यात मीही हॉस्पिटलच्या बाकावर बसले होते, दुसऱ्या एका हॉस्पिटलच्या. नातेवाईक येत-जात होते, फळं ठेवत होते. माझ्या शेजारी कोणी बसलेलं नव्हतं.

दसऱ्याला देव उठले. सकाळी गोजराबाईंनी खंडोबाला पानावरून उचललं, पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलं, आणि सावळीरामला रिक्षात घालून मळ्यात नेलं. झेंडू भारतने आणि सुवर्णाने तोडून बाजारात नेला होता, यंदा पहिल्यांदाच दोघांनी. दुपारी माझ्या दाराला झेंडूचं तोरण आलं, मागितलेलं नसताना. त्यातलं एक फूल मी देव्हाऱ्यात नेऊन ठेवलं. त्याआधी देव्हारा पुसला. एवढंच केलं, याहून जास्त काही केलं असं कोणी समजू नये.

नंतरच्या वर्षांत नाशिक वाढत पाथर्डीच्या वाफ्यांपर्यंत गेलं. मळा अर्धा उरला, मग पाव. भारतने पॉलिहाऊसमध्ये गुलाब केले. सावळीराम हळू चालतो, पण चालतो, आणि पाणी पितो ते बघायला मजा येते. तांब्या उचलून वरून, डोळे मिटून, घटाघट, आणि गोजराबाई काम थांबवून त्याचं पिणं संपेपर्यंत बघत राहतात. पुड्या त्या अजून देतात. सत्तरच्या वीस झाल्या, पायऱ्या चढताना गुडघे धरतात, पण माझ्याकडे वर येतात आणि टेकतात.

दोन हजार सहा साली, असंच पितृपंधरवड्यात, त्या पायरीवर बसल्या असताना मी ते बोलून टाकलं. आठ वर्षं पोटात ठेवलं होतं. म्हटलं, गोजराबाई, तो टाक मला त्या दिवशी सकाळी नव्हता सापडला. आधीच दोन दिवस माझ्याकडे होता. मला वाटलं तुम्ही उतारा टाकलात. मी त्याला चिमट्याने उचलून कागदात गुंडाळून गॅलरीत ठेवला, कुंडीमागं. तुमच्याकडे मंगलाबाई उपाशी बसल्या होत्या आणि मी गप्प राहिले.

त्यांनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं दुखावल्या. पण खांदे हलायला लागले, आणि त्या इतक्या हसल्या की पाटी कलंडली. विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी चिमटा घेतला, हे त्यांनी तीनदा म्हणून घेतलं. मग डोळे पुसले आणि विचारलं.

"पाऊस व्हता तवा. भिजला आसंल."

"नाही," मी म्हटलं. "वर पत्र्याची थाळी उपडी घातली होती."

"आन् काय बोलला का नाय त्याच्याशी?"

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नव्हतं. थाळी झाकायला गेले होते तेव्हा बोलले होते. मग थाळी नीट आहे का बघायला गेले तेव्हाही. मग काहीच कारण नसताना. पहिल्यांदा त्याला दम दिला, की इथून पुढे यायचं नाही. दुसऱ्यांदा सांगितलं, की मला भीती वाटते, घरात माझ्याशिवाय कोणी नाही. तिसऱ्यांदा खुर्चीच घेऊन गेले, आणि हे गेल्यापासून कोणी विचारलं नव्हतं ते सगळं सांगत अर्धा तास गॅलरीत बसले, पाऊस पडत असताना.

"बोलले," मी म्हटलं.

गोजराबाईंनी मान हलवली. उठताना त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात टेकला, आधारासाठी, आणि मग तो तिथेच राहू दिला.

"मंग तुमच्याकडं बी त्याचं काम व्हतंच की," त्या म्हणाल्या. "उगा आठ वर्सं जीव जाळलात."

त्या पाटी उचलून जिना उतरल्या. मी पुडी उघडली. पाच शेवंतीची फुलं होती, दोन दूर्वा, तुळशीचं पान. सवयीने मी ती ताटलीत हलवून बघितली, अजून काही आहे का म्हणून, आणि मग चार ह्यांच्या फोटोला वाहिली आणि एक देव्हाऱ्यात.